आधी पिशवी काढली, मग रिपोर्ट आला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं एक प्रकरण

या प्रकरणातली बाई ही कुणी एक व्यक्ती नाही. अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एका जागी आणून, शिकण्यासाठी हे प्रकरण उभं केलं आहे. उपचारांचे डोस आणि निर्णय मात्र प्रत्यक्ष वापरले जातात तसेच आहेत.

सुरुवातीचे कागद

वय ४४, मराठवाड्यातली शेतमजूर. लग्न सोळाव्या वर्षी, तीन बाळंतपणं. आठ महिन्यांपासून अंगावरून पांढरं जात होतं, त्याला वास होता, आणि दोन पाळ्यांच्या मधेही लाल जायचं. संबंधांनंतर दर वेळी रक्त जायचं, पण ही तक्रार आधीच्या एकाही कागदावर नाही. कारण साधं आहे: कुणी विचारलं नाही, आणि बाई हे आपणहून सांगत नाही.

सोनोग्राफीत तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या. गर्भाशय किंचित मोठं, मागच्या भिंतीत ३ सेंमीची फायब्रॉइडची गाठ, आणि मुख जाडसर. पुढचे सगळे उपचार गाठ हा एकच शब्द धरून झाले. ट्रॅनेक्झामिक ॲसिड, दोन महिने नॉरएथिस्टेरॉन, लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन ८.४. रक्त थांबेना, तेव्हा ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाकू’ असा सल्ला मिळाला आणि तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात पोटावर छेद घेऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली गेली. स्पेक्युलम (योनी उघडून धरणारं उपकरण) घालून मुख पाहिल्याची नोंद नाही, पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशी खरवडून केलेली तपासणी) नाही, गर्भाशयाच्या अस्तराचा नमुनाही नाही.

तेराव्या दिवशी रिपोर्ट आला: गर्भाशयमुखाचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा, मध्यम प्रतीचा. गाठ ३.२ सेंमी. मुखाच्या १७ मिमी जाडीपैकी १४ मिमी खोल शिरलेली. लसिका आणि रक्तवाहिन्यांच्या पोकळीत पेशी दिसल्या. योनीकडच्या कापलेल्या काठापर्यंत गाठ पोचलेली. अंडाशयं निरोगी.

चूक नेमकी कुठे झाली

शस्त्रक्रिया हातानं वाईट झाली नव्हती. टाके भरले, ताप आला नाही. चूक झाली ती क्रमात.

भिंतीतल्या ३ सेंमीच्या फायब्रॉइडनं पाळीला जास्त रक्त जाऊ शकतं. पण संबंधांनंतरचं रक्त आणि वासाचं पांढरं पाणी त्यानं होत नाही, त्यासाठी मुखाकडेच बघावं लागतं. सोनोग्राफी मुखाच्या कर्करोगाचं निदान करणारी तपासणी नाही. तिनं ‘मुख जाडसर’ एवढा इशारा दिला होता, तो वाचला गेला नाही. बघायला लागतं काय, तर एक कस्को स्पेक्युलम, चांगला उजेड आणि दोन मिनिटं.

मुखावर डोळ्यांना दिसणारी वाढ असेल तर पॅप स्मिअर करत बसू नये. वाढीवर रक्त, पू आणि मेलेल्या पेशींचा थर असतो, त्यामुळे स्मिअर ‘फक्त सूज’ म्हणून परत येऊ शकतो आणि सगळे निर्धास्त होतात. दिसणाऱ्या वाढीचा सरळ तुकडा घ्यायचा. पंच बायॉप्सी फोर्सेप्सनं दोन ते चार तुकडे, वाढीच्या कडेवरून, जिथे निरोगी आणि रोगट भाग भेटतात तिथून. मधला काळपट, सडलेला भाग घेतला तर पॅथॉलॉजिस्टला मेलेल्या पेशींखेरीज काही दिसत नाही. भूल लागत नाही. रक्त आलं तर मॉन्सेलची पेस्ट किंवा घट्ट गॉजचा पॅक. पॅक २४ तासांत काढायचा. चाळिशीपुढच्या बाईला अनियमित रक्तस्राव असेल तर त्याच बैठकीत गर्भाशयाच्या अस्तराचाही नमुना घ्यावा, म्हणजे पिशवीच्या आतला कर्करोगही नजरेतून सुटत नाही.

हे एकट्या दवाखान्याचं दुखणं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. चर्चा झाली ती अनावश्यक शस्त्रक्रियांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण याची दुसरी बाजू कमी बोलली जाते: ज्या बाईला खरंच काही गंभीर आहे, तिच्यावरही हीच शस्त्रक्रिया होते, आणि ती तिच्यासाठी अपुरी असते.

शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागानं १,३१,७४६ महिलांवर तपासणीची मोठी चाचणी झाली होती. निष्कर्ष २००९ मध्ये आले: ३० ते ५९ वयात एचपीव्ही या हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. जगानं हे आकडे पाठ केले. आपल्या मराठवाड्यातल्या ४४ वर्षांच्या बाईच्या वाट्याला मात्र आयुष्यात एकही तपासणी आलेली नसते.

रिपोर्ट हातात आल्यावरचे पहिले दिवस

इथे पुष्कळ वेळ वाया जातो. घरच्यांना वाटतं, कर्करोग होता तो पिशवीबरोबर गेला. ही रुग्ण कॅन्सर सेंटरला पोचली ती शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी.

येताना कागदी रिपोर्ट पुरत नाही. पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि काचेच्या स्लाइड लॅबमधून मागून घ्याव्या लागतात, शिवाय ऑपरेशन नोट. योनीचा किती भाग काढला, मुख पूर्ण निघालं की कापलं गेलं, पोटात गाठी हाताला लागल्या का, हे फक्त त्या नोटमध्येच असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी घ्यायची तरी तुकड्याचा रिपोर्ट लागतोच. इथे नमुना नीट जपलेला होता हे नशीब. नेहमीचा घोळ असा: अख्खं गर्भाशय छोट्या बरणीत कोंबतात आणि वर चार चमचे फॉर्मॅलिन. नमुन्याच्या दहा पट तरी १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन हवं आणि गर्भाशय आधी उभं चिरून उघडलेलं हवं, नाहीतर आतला भाग सडतो आणि गाठ किती खोल गेली हे कुणालाच सांगता येत नाही. काही ठिकाणी तर नमुना नातेवाइकांना दाखवतात आणि टाकून देतात. मग निदानच होत नाही. बाई वर्षभरानं रक्त जातं म्हणून परत येते.

पुढची तपासणी

स्लाइड पुन्हा पाहिल्यावर निदान तेच राहिलं. पी-१६ ठळक पॉझिटिव्ह, म्हणजे एचपीव्हीशी जोडलेला कर्करोग. योनीतून पाहिलं तर टाक्यांच्या रेषेच्या डाव्या टोकाला लालसर, हात लावताच रक्त येणारी वाढ. ती ग्रॅन्युलेशनही, म्हणजे जखम भरतानाची साधी वाढही असू शकते, म्हणून तिचाही तुकडा घेतला. तो पॉझिटिव्ह आला. त्याहून महत्त्वाची माहिती गुदमार्गातून बोट घालून मिळाली: डावीकडचा पॅरामेट्रियम, म्हणजे मुखाच्या बाजूची पेशीजालं, जाड आणि खडबडीत, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाहीत. ही गोष्ट योनीतून केलेल्या तपासणीत नीट कळत नाही, आणि गुदमार्गाची तपासणी टाळण्याची सवय फार जणांना असते.

एमआरआयमध्ये डाव्या टोकाशी १.८ सेंमीची उरलेली गाठ आणि डाव्या बाजूला बाहेरच्या इलियाक वाहिनीजवळ १.४ सेंमीची लसिका ग्रंथी. पेट-सीटी शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे उलटल्यावर केला. त्याआधी केला असता तर भरत आलेली जखमच चमकली असती. ग्रंथी आणि उरलेली गाठ दोन्ही चमकल्या, पोटातल्या महाधमनीजवळच्या ग्रंथी, फुप्फुसं आणि यकृत स्वच्छ. मूत्रपिंडांना सूज नाही, क्रिएटिनिन ०.९, एचआयव्ही निगेटिव्ह.

टप्पा ठरवताना अडचण येते, कारण फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची पद्धत उपचार न झालेल्या रुग्णासाठी आहे. २०१८ च्या पद्धतीत ओटीपोटातली ग्रंथी प्रतिमेवर दिसली की टप्पा ३-सी-१ होतो, त्याला प्रतिमेवरून ठरवल्याची खूण जोडायची. पण शस्त्रक्रियेआधी काय होतं हे आता कुणी सांगू शकत नाही. म्हणून अशा रुग्णांचा विचार उरलेल्या रोगावरून करणं जास्त उपयोगाचं: फक्त सूक्ष्म रोग होता का, काठ स्वच्छ आहेत का, काठावर रोग आहे का, की डोळ्यांना दिसणारा रोग मागे राहिला आहे. ही चौथ्या गटातली.

निर्णय

रिपोर्टनंतर कर्करोग कळलेल्या प्रत्येकीला पुढचा उपचार लागतोच असं नाही. ३ मिमीपेक्षा कमी खोली, वाहिन्यांत पेशी नाहीत, काठ स्वच्छ, तर साधी शस्त्रक्रिया पुरते आणि फक्त नजर ठेवायची. २०२४ मध्ये आलेल्या शेप चाचणीनं तर २ सेंमीपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठींतही साधी शस्त्रक्रिया मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड ठरवली: तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचं प्रमाण २.५२ विरुद्ध २.१७ टक्के. पण त्या बायकांची निवड आधी तुकडा आणि प्रतिमा पाहून झाली होती. त्या चाचणीचा दाखला देऊन न पाहता पिशवी काढण्याचं समर्थन होत नाही.

काठ स्वच्छ असते, काही उरलं नसतं, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून पॅरामेट्रियम, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या ग्रंथी काढण्याचा पर्याय होता. इथे तो बाद झाला. गाठ उरली आहे आणि ग्रंथीतही रोग आहे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावाच लागला असता, आणि मग दोन्हींचे त्रास एकाच शरीरावर. म्हणून सिस्प्लाटिन या किमोच्या औषधासह बाहेरून रेडिएशन आणि शेवटी आतला शेक, म्हणजे किरणांचा स्रोत गाठीजवळ नेऊन दिलेलं रेडिएशन.

किमोबरोबर रेडिएशनचा फायदा भारतीय रुग्णांतही दिसला आहे. टाटा मेमोरियलमध्ये तिसऱ्या-बी टप्प्यातल्या ८५० महिलांच्या चाचणीत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण नुसत्या रेडिएशननं ४६ टक्के, तर सिस्प्लाटिन जोडल्यावर ५४ टक्के होतं. रेडिएशनआधी सहा आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन द्यावं का, हाही प्रश्न तज्ज्ञांच्या बैठकीत, म्हणजे ट्यूमर बोर्डात आला. इंटरलेस चाचणीत त्या पद्धतीनं पाच वर्षांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं आहे. पण या बाईचे आठ आठवडे आधीच गेले होते, हिमोग्लोबिन ९.२ होतं. आणखी सहा आठवडे लांबवणं पटलं नाही.

बाहेरचा शेक आणि किमो

ओटीपोटाला ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक), २५ बैठकांत, आयएमआरटी पद्धतीनं, म्हणजे किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे घडवून. त्याच बैठकांत ग्रंथीला एकूण ५५ ग्रे. आधी दोन पिशव्या रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या वर आणलं.

पिशवी काढलेल्या बाईत एक वेगळी अडचण असते. गर्भाशयानं अडवलेली जागा मोकळी होते, आतड्याचे वळसे तिथे खाली उतरतात आणि टाक्यांना चिकटतात. चिकटलेलं आतडं हलत नाही, म्हणजे रोज त्याच जागी किरण झेलतं. म्हणून मूत्राशय भरलेलं लागतं: लघवी करून यायचं, ५०० मिली पाणी प्यायचं, ४५ मिनिटं थांबायचं, मग टेबलावर. भरलेलं मूत्राशय आतडं वर ढकलतं. पण त्याच मूत्राशयामुळे योनीचं टोकही रोज थोडं पुढे-मागे सरकतं. त्यामुळे नियोजनाचा सीटी भरलेल्या आणि रिकाम्या मूत्राशयात असा दोनदा काढून दोन्हींचा पल्ला धरावा लागतो, आणि रोज किरणांआधी मशीनवरच छोटा सीटी घेऊन खात्री करावी लागते. उशीर होतो म्हणून हे पाणी प्यायचं काम रुग्ण टाळतात. बस चुकू नये ही चिंता असते. हे रेडिएशन टेक्नॉलॉजिस्टला माहीत असायला हवं.

सिस्प्लाटिन दर आठवड्याला चौरस मीटरला ४० मिग्रॅ. उंची १५० सेंमी, वजन ४८ किलो, म्हणजे १.४१ चौरस मीटर. डोस ५५ मिग्रॅ. क्रिएटिनिन क्लिअरन्स ६० च्या आसपास, चालण्यासारखं पण ऐसपैस नाही. आधी एक लिटर सलाइन, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. उलटीसाठी पालोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि रात्री ओलान्झापिन. घरी अडीच लिटर पाणी. आणि एक सूचना कागदावर ठळक लिहून: गावात कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घ्यायचं नाही. सिस्प्लाटिनवर असताना तेवढ्यानं मूत्रपिंड बसू शकतं, आणि गावाकडे ते इंजेक्शन मागताच मिळतं.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले, दिवसाला सहा-सात. ओआरएस, लोपेरामाइड, दूध बंद, भाकरीऐवजी मऊ भात. चौथ्या किमोच्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ११०० निघाले, ते १५०० पेक्षा कमी म्हणून ती किमो पुढे ढकलली. रेडिएशन मात्र एक दिवसही थांबवलं नाही. ‘रक्त कमी आहे, आठवडाभर सगळंच थांबवा’ हा सल्ला नुकसान करतो. पूर्ण उपचार आठ आठवड्यांत संपायला हवेत, आणि त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसाला रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्क्यानं घसरते.

आतला शेक

पिशवी आधी काढल्याची खरी किंमत इथे मोजावी लागते.

गर्भाशय जागेवर असतं तेव्हा त्याच्या पोकळीत एक बारीक नळी जाते. इरिडियमचा स्रोत थेट गाठीच्या मधोमध पोचतो. गर्भाशयाची भिंत फार मोठा डोस सोसते आणि आतड्याला लांब ठेवते. ७ ग्रेच्या चार बैठका दिल्या की बाहेरचा शेक धरून गाठीला, दर बैठकीला २ ग्रे दिल्यासारख्या हिशेबात बदलून, साधारण ८४ ग्रे मिळतात. आता पोकळीच नाही. योनीत नुसतं सिलिंडर ठेवलं तर डोस ५ मिमीपर्यंत नीट पोचतो. इथली गाठ त्याहून खोल होती. मग सुयांशिवाय पर्याय नसतो.

कमरेत एपिड्युरल देऊन, योनीत सिलिंडर ठेवून, दोन्ही जांघांच्या मधे मुपिट ही सुयांसाठी छिद्रं असलेली पट्टी शिवली. गुदमार्गातल्या सोनोग्राफीवर बघत १४ पोकळ सुया घातल्या, डावीकडे जास्त. मूत्राशयात कॅथेटर, फुग्यात ७ मिली पातळ केलेलं रंगद्रव्य, म्हणजे सीटीत मूत्राशय ओळखू येतं. सुयांसह सीटी, त्यावर आखणी. ५.५ ग्रेच्या पाच बैठका, दिवसाला दोन, मधे किमान सहा तास. सहा तास एवढ्यासाठी, की निरोगी पेशींना दुरुस्तीला तेवढा वेळ लागतो.

म्हणजे बाई अडीच दिवस पाठीवर, हलता येत नाही. चोथा नसलेलं जेवण आणि लोपेरामाइड, कारण शौचाला झाली तर सुया सरकतात. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन. प्रत्येक बैठकीआधी सुयांची बाहेर राहिलेली लांबी मोजायची. तिसऱ्या बैठकीआधी दोन सुया ४ मिमी बाहेर आलेल्या मिळाल्या, त्या पुन्हा बसवून सीटी करूनच शेक दिला. न मोजता दिला असता तर डोस गाठीऐवजी जांघेकडे सरकला असता. सुया काढताना रक्त येतं, दहा मिनिटं दाबून धरावं लागतं.

बेरीज: गाठीला सुमारे ८० ग्रे. मूत्राशयाच्या सगळ्यात जास्त झळ लागलेल्या २ सीसी भागाला ७१, गुदाशयाच्या तेवढ्याच भागाला ६५. मर्यादा अनुक्रमे ९० आणि ७५ धरतात, त्यात बसलं. पहिल्या किरणापासून शेवटच्या सुईपर्यंत ४९ दिवस.

नंतर

तीन महिन्यांनी एमआरआय आणि पेट-सीटीत काही उरलेलं दिसलं नाही. यापुढे दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी, योनी आणि गुदमार्ग दोन्हींतून. शेक झालेल्या योनीचा स्मिअर फसवा असतो, किरणांनी बदललेल्या पेशी कर्करोगासारख्या दिसतात, म्हणून बोट आणि डोळे यांवरच भर.

अंडाशयं काढणं गरजेचं होतं का, हे आधी कुणाला ठरवताच आलं नाही; स्क्वेमस प्रकारात अंडाशयात रोग जाणं मात्र दुर्मीळ असतं. शेकानं ती निकामी झालीच असती. तेव्हा गरमीच्या लाटा आणि हाडांचा ठिसूळपणा यांवर उपाय हवा. स्क्वेमस कर्करोगात इस्ट्रोजेन वर्ज्य नाही, आणि गर्भाशय नसल्यानं सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. हे न सांगता बायकांना ‘आता सोसायचं’ म्हणून घरी पाठवलं जातं. योनी आकसू नये म्हणून शेक संपल्यावर साधारण महिन्यानं डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत नळी), आठवड्यातून तीनदा. नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं की हा कर्करोग संबंधांतून त्याला होत नाही, कारण ती भीती घरात असते, आणि त्या भीतीपोटी बाईची ताट-वाटी वेगळी होते.

चौदाव्या महिन्यात शौचातून लाल रक्त. गावच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. नातेवाइकांना वाटलं, रोग परत आला. सिग्मॉइडोस्कोपीत गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर बारीक फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या, म्हणजे शेकाचा उशिरा दिसणारा परिणाम. गाठ किंवा संशयास्पद व्रण नसेल तर त्या जागेचा तुकडा घ्यायचा नाही. किरणांनी अशक्त झालेली भिंत भरून येत नाही आणि गुदाशय-योनी फिस्टुला, म्हणजे दोहोंना जोडणारं भोक होतं, हे दोडामार्ग ते देवरी कुठल्याही एंडोस्कोपी खोलीत लिहून लावण्यासारखं आहे. रेफरलच्या चिठ्ठीवर म्हणून ‘ओटीपोटाला रेडिएशन झालं आहे, पुढच्या भिंतीची बायॉप्सी टाळा’ असं आधीच लिहिलं होतं. सुक्राल्फेटचा एनिमा दिवसातून दोनदा, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, लोह चालू. सहा आठवड्यांत रक्त बरंच कमी झालं. न थांबल्यास आर्गॉन प्लाझ्मानं त्या वाहिन्या जाळायच्या, पण बेतानं आणि थोड्या-थोड्या, एका बैठकीत सगळ्या नाही.